लॅम्बर्ट मास्कारेन्हास : गोमंतकीय कॅथलिक कथाकाराचे जीवन आणि लेखन

प्रस्तावना :

गोवा मुक्तिसंग्रामाचा विचार मराठी अभ्यासक प्रायः सत्याग्रहाच्या अंगाने करतात. ते स्वाभाविकही आहे. गोवा विमोचन सहायक समितीचे केंद्र पुण्यात होते. १९५५ च्या मे महिन्यात ना. ग. गोरे व सेनापती बापट सत्याग्रहींसह गोव्याच्या हद्दीत शिरले आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. या इतिहासाच्या स्मृती पुणे जिल्ह्यातील अनेक गावांतून आजही सांगितल्या जातात. परंतु सीमेच्या पलीकडे, गोव्यातील एखाद्या ख्रिस्ती घराच्या ओसरीवर या काळात काय बोलले जात होते, हे आपल्या वाचनात क्वचितच येते. त्याच १९५५ साली प्रसिद्ध झालेली 'सॉरोइंग लाइज माय लँड' ही इंग्रजी कादंबरी नेमके तेच सांगते. तिचे लेखक लॅम्बर्ट मास्कारेन्हास यांच्या जीवनकार्याचा व कथात्म लेखनाचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जीवन व पत्रकारिता :

मास्कारेन्हास यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१४ रोजी सासष्टी तालुक्यातील कोलवा येथे झाला. त्यांची जडणघडण मात्र मुंबईच्या वृत्तपत्रसृष्टीत झाली. 'मॉर्निंग स्टँडर्ड'मध्ये त्यांनी उमेदवारी केली आणि बी. जी. हॉर्निमन यांच्या हाताखाली 'बॉम्बे सेंटिनल'मध्ये काम केले. ब्रिटिश असूनही ब्रिटिश सत्तेवर कठोर टीका करणाऱ्या आणि त्यापायी १९१९ मध्ये हद्दपारी भोगलेल्या संपादकाच्या सहवासात एका तरुण गोमंतकीयाने पत्रकारितेचे धडे गिरवावेत, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे. पुढे 'गोवन ट्रिब्यून'चे संपादन करताना त्यांनी गोव्याच्या मुक्तीचा पक्ष सातत्याने मांडला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ते स्वभूमीत परतले. 'नवहिंद टाइम्स' या दैनिकाच्या आरंभकाळात ते सहसंपादक होते, तर १९६६ मध्ये 'गोवा टुडे' हे मासिक त्यांनी सुरू केले. २०१५ मध्ये त्यांना 'पद्मश्री'ने गौरविण्यात आले. २७ जून २०२१ रोजी वयाच्या १०६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

इंग्रजीच का?

गोमंतकीय कॅथलिक लेखकाने इंग्रजीत लिहावे याचे मराठी वाचकाला काहीसे नवल वाटते. याच भूमीत १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' मराठीत छापले गेले होते. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध घालणारा हुकूम काढला आणि ख्रिस्ती समाजाचे मराठी वाङ्मयाशी असलेले नाते क्षीण होत गेले. शिक्षित वर्गाची प्रतिष्ठेची भाषा पोर्तुगीज झाली, तर कोकणी घरात आणि प्रार्थनेत उरली. एकोणिसाव्या शतकापासून नोकरीसाठी हजारो गोमंतकीय मुंबईला आले व धोबीतलावच्या परिसरात गावोगावच्या 'कूडां'मधून राहू लागले. या स्थलांतरानेच त्यांना इंग्रजी दिली. राज्यकर्त्यांची पोर्तुगीज टाळून उर्वरित भारताशी बोलायचे, तर मास्कारेन्हास यांच्यासारख्या मुंबईत घडलेल्या पत्रकाराला इंग्रजीच जवळची होती.

'सॉरोइंग लाइज माय लँड' :

कादंबरीचा काळ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा आहे. तोबियास हा एका कॅथलिक घराण्याचा कर्ता पुरुष आहे. पोर्तुगीज सत्तेच्या अन्यायाविरुद्ध तो बोलतो आणि त्याची किंमत साऱ्या कुटुंबाला मोजावी लागते. ही हकिकत त्याचा मुलगा सांगतो. मुलाच्या नजरेतून निवेदन झाल्याने राजकारण थेट व्याख्यानाच्या रूपात येत नाही. ते जेवणाच्या वेळच्या बोलण्यातून आणि वडीलधाऱ्यांच्या अकस्मात झालेल्या शांततेतून कळत जाते.

या कथानकाची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले तेव्हा गोव्यातही नागरी स्वातंत्र्याच्या आशा पालवल्या होत्या. १९२६ च्या लष्करी उठावाने त्या मावळल्या. १९३० च्या वसाहत कायद्याने वसाहतींतील जनतेचे दुय्यमत्व लेखी स्वरूपात मांडले. पुढे सालाझारच्या राजवटीने १९५१ मध्ये वसाहतींना 'सागरपारचे प्रांत' असे नाव देऊन गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याचा दावा केला. या दाव्याचा मोठा आधार धर्म हा होता. गोमंतकीय ख्रिस्ती तो मनाने पोर्तुगीज, असे जगाला सांगितले जात होते. वास्तविक गोव्यात तेव्हाही कॅथलिक समाज अल्पसंख्यच होता. त्यातील एका विचारवंताने, त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी, १९४४ मध्येच गोमंतकीयांच्या 'विराष्ट्रीयीकरणा'ची चिकित्सा करणारी पुस्तिका लिहिली होती. कुन्हा यांनी जे निबंधात मांडले, ते मास्कारेन्हास यांनी माणसांच्या आयुष्यात उतरवले. तोबियासची श्रद्धा आणि त्याचे देशप्रेम यांत त्याला विरोध जाणवत नाही. कादंबरीचे खरे सामर्थ्य येथेच आहे.

तिच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. काही ठिकाणी पात्रे लेखकाचेच मत बोलतात आणि पत्रकार कादंबरीकारावर मात करतो. शिवाय घटना प्रामुख्याने सुस्थित घराच्या उंबरठ्याआतून पाहिल्या जातात. भाटाच्या कडेला झोपडी बांधून राहणाऱ्या मुंडकाराचे जग तिच्या केंद्रस्थानी येत नाही. ओर्लांदो द कॉस्ता यांची 'ओ सिग्नु द इरा' ही १९६१ मधील पोर्तुगीज कादंबरी या संदर्भात शेजारी ठेवून वाचावी. तीही कॅथलिकांचीच कथा आहे. मात्र ती शेतात राबणाऱ्या कुणब्यांची आहे. एकच धर्म, एकच प्रदेश, तरी दोन कादंबऱ्यांतील गोवा किती निराळा दिसतो!

कथालेखन :

'इन द वुम्ब ऑफ सौदाद' हा त्यांचा कथासंग्रह पहिल्या कादंबरीनंतर चार दशकांनी आला. 'सौदाद' या पोर्तुगीज शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'हुरहूर' हा शब्द जवळ जातो, पण गमावलेल्याची ओढ आणि त्या ओढीतलेच सुख अशा दोन्ही छटा त्यात पूर्णतः येत नाहीत. ज्या राजवटीविरुद्ध लेखकाने उमेद खर्ची घातली, तिच्याच भाषेतला शब्द त्याला स्वतःच्या माणसांच्या कथांसाठी शीर्षक म्हणून घ्यावासा वाटला. याला विसंगती म्हणणे सोपे आहे. परंतु सत्ता नाकारली तरी साडेचारशे वर्षे घरात मुरलेली भाषा, गाणी आणि स्वयंपाक नाकारता येत नाही, हे या लेखकाला कळले होते. येथे प्रचाराची गरज उरलेली नसल्यामुळे गोमंतकीय जीवनाकडे पाहणारी त्यांची लेखणी अधिक मोकळी झाली आहे. मराठीतील अध्यापकांनी भाषांतर वा तौलनिक अभ्यासासाठी मास्कारेन्हास यांच्याकडे वळायचे ठरवल्यास आरंभ कादंबरीपेक्षा या कथांपासून करणे अधिक फलदायी ठरेल. कोकण आणि गोवा यांच्यामधला तेरेखोलचा प्रवाह किती अरुंद आहे, हे त्यांतील घरे आणि अंगणे पाहताना मराठी वाचकाच्या सहज ध्यानी येते.