कर्णा आणि कोपरा
खर्डीच्या एखाद्या घरांत हौशी मनुष्य जुन्या पद्धतीचा लांकडी कर्णा बांधूं लागला, कीं पहिली अडचण जागेची येते. कर्णा आवाज निर्माण करीत नाहीं. लहान पडद्याचें कंपन तो बाहेरच्या हवेशीं क्रमाक्रमानें जुळवितो, म्हणून थोड्या विजेंत मोठा आवाज मिळतो. परंतु सेकंदास १०० कंपनांच्या सुराची लहर सुमारें ३.४ मीटर लांब असते. तिला कर्ण्याचें तोंड मीटरभराहून रुंद लागतें. तें लहान ठेवल्यास डग्ग्याचा घुमारा हरपतो, तबल्याची चाट तेवढी उरते. उपाय घरांतच आहे. कर्णा कोपऱ्यांत, जमिनीलगत ठेवला म्हणजे दोन भिंती व जमीन त्याचाच विस्तार होतात. मग तोंडाचें क्षेत्रफळ एक-अष्टमांश असलें तरी पुरतें. अमेरिकेंत पॉल क्लिप्श यांनीं १९४६ पासून असेच कर्णे विकले. करवत उचलण्यापूर्वीं कोपरा मोकळा करावा, तो यासाठीं.