कामाची उमेद : स्वभाव आणि दृष्टि

एकाच कारखान्यांत, एकाच मजुरीवर दोन माणसें काम करीत असतात. एकाचे हात उत्साहानें चालतात. दुसऱ्याचे कान भोंग्याकडे लागलेले असतात. काम तेंच, दाम तेच. मग हा भेद येतो कोठून? 'एक कष्टाळू, दुसरा आळशी' असें म्हणून सामान्यतः हा प्रश्न निकालांत काढला जातो. परंतु हें उत्तर नव्हे. तो केवळ कपाळीं मारलेला शिक्का होय.

बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव हें क्षेत्र या प्रश्नावर पुष्कळच प्रकाश टाकतें. मुंबई-नागपूर लोहमार्गावरील हें गांव श्रीगजानन महाराजांच्या समाधीमुळें सर्वांना परिचित आहे. १९०८ सालीं स्थापन झालेल्या तेथील संस्थानांत हजारों सेवाधारी पाळीपाळीनें, मोबदला न घेतां राबत असतात. कोणी आवार झाडतो, कोणी येणाऱ्यांचीं पादत्राणें सांभाळतो, कोणी महाप्रसादाच्या पंक्तींत वाढतो. समोर येणाऱ्या प्रत्येकाला 'माउली' अशी हांक मारण्याची तेथें रीत आहे. संस्थानाचा कारभार दीर्घकाळ पाहणारे शिवशंकरभाऊ पाटील २०२१ मध्यें निवर्तले. तरीही ही व्यवस्था अखंड चालू आहे. अर्थात् ती केवळ एका व्यक्तीच्या धाकावर वा प्रभावावर उभी नव्हती.

आतां असें पहा : जोडे सांभाळण्याचें हेंच काम एखाद्या नाटकगृहाच्या दारांत याच गृहस्थास करावयास सांगितलें, तर तो अपमान मानील. जोडे तेच, हात तेच. बदललें आहे तें कामाचें मनांतील चित्र. मनुष्य प्रत्यक्ष कामाला प्रतिसाद देत नाहीं. त्या कामाचें जें चित्र त्याच्या मनांत उमटतें, त्याला देतो. या चित्रांत तीन गोष्टी मुख्य असतात : हें काम कशासाठीं आहे, तें करणाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेनें पाहतात, आणि त्याच्या वांट्याला येणारें फळ न्याय्य आहे कीं नाहीं.

एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकन विदुषींनीं २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत रुग्णालयांतील झाडलोट करणाऱ्यांचें उदाहरण दिलें आहे. त्यांतील कांहींना आपलें काम म्हणजे निव्वळ केर काढणें वाटे. कांहींना मात्र रोगी बरा होण्यांत आपलाही हात आहे असें वाटे. हे दुसरे लोक न सांगतां रोग्याची विचारपूस करीत व परिचारिकांना हातभार लावीत. दृष्टि बदलली कीं कामाचा विस्तारही बदलतो, तो असा.

तथापि दृष्टि हेंच सर्वस्व नव्हे. शेगांवीं येणारे सेवाधारी स्वेच्छेनें येतात. म्हणजे ज्यांच्या स्वभावाला ही सेवा रुचते, तेच तेथें जमतात. ही गोष्ट विसरली कीं मोठी चूक होते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यांत १९२७ पासून कांहीं कामकरी स्त्रियांना वेगळ्या खोलींत बसवून त्यांच्या विश्रांतीच्या व कामाच्या वेळांत फेरफार करून पाहण्यांत आले. एकंदरींत उत्पादन वाढत गेलें, आणि आस्थेनें लक्ष दिल्यास माणूस अधिक काम करतो असा निष्कर्ष जगभर पसरला. परंतु १९२८ मध्यें त्यांतील दोघींना काढून त्यांच्या जागीं दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या होत्या, हा तपशील त्या मानानें फारच थोड्यांच्या ध्यानांत राहिला. निवडलेल्या माणसांवरून सर्वांविषयीं अनुमान काढतांना जपावें लागतें.

साध्या कारखान्यांत तर सर्व स्वभावांचीं माणसें एकत्र येतात. समजा, खामगांवच्या एखाद्या जिनिंग फॅक्टरींत कापसाच्या हंगामांत मुकादमानें पुकारलें कीं अधिक काम करील त्याला बक्षीस मिळेल. 'आपल्या कष्टानें फळ मिळतें' अशी ज्याची धारणा आहे, तो लगेच कंबर कसतो. 'सर्व नशिबाचा खेळ' मानणारा जागचा हालत नाहीं. हा स्वभावभेद ज्युलियन रॉटर या मानसशास्त्रज्ञानें १९६६ मध्यें मोजमापासह मांडला. पण तिसराही एक असतो. मागील हंगामांत बक्षीस मुकादमाच्या भाच्याला मिळालेलें त्यानें पाहिलेलें असतें. तो आळशी नसतो वा दैववादीही नसतो. अनुभवानें शहाणा झालेला असतो. त्याला उपदेशाची गरज नसते, पाळलेल्या वचनाची असते. मुकादम मात्र या दोघांनाही एकाच नांवानें ओळखतो : कामचुकार.

येथें एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. 'सेवा समजून काम करा' हा मंत्र कित्येक मालकांना फार गोड वाटतो, कारण तो स्वस्त पडतो. पण शेगांवचा सेवाधारी ठराविक दिवस सेवा करून आपल्या शेतावर वा धंद्यावर परततो. त्याच्या घरची चूल त्या सेवेवर पेटत नसते. ज्याची चूल रोजच्या मजुरीवरच पेटते, त्याच्यापाशीं दामाऐवजीं भाव मागणें म्हणजे त्याची फसवणूक करणें होय. कामाचें चित्र उजळ करावें, पण तें खरें असलें पाहिजे. योग्य वेतन हा त्याचा पाया आहे. मान आणि अर्थ हे त्यावरील मजले.

हा विचार कारखान्यापुरता नाहीं. कचेरींतील शिपाई, दुकानांतील नोकर, घरीं भांडीं घासण्यास येणारी बाई, या सर्वांविषयीं आपण किती झटकन् मत बनवितों! 'तिचें कामांत लक्ष नाहीं' असें म्हणण्यापूर्वीं तिला त्या घरांत काय दिसतें, तिला नांवानें हांक मारली जाते कीं नुसतें 'ए' म्हणून, कबूल केलेली रजा व पगारवाढ तिला वेळेवर मिळते कीं नाहीं, एवढें तरी पाहावें. उमेद बाहेरून ओततां येत नाहीं. पण ती विझवण्याचें काम मात्र बहुधा बाहेरूनच होतें.