साडेपाच तासांचा घोळ

"ताई, मी हप्ता भरलाय हो. तुमच्याच हातात दिला होता ना?" भर सभेत मावशींचे डोळे भरून आले आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

कांजूरमार्ग पूर्वेला आमच्या बचत गटाची छोटीशी खोली आहे. तिथे कुणीतरी दिलेला जुना संगणक. त्यावर उबुंटू आहे आणि विंडोजही. रोजचं काम उबुंटूवर, पण जुन्या मराठी फॉन्टमधली पत्रं काढायची तर विंडोज सुरू करावं लागतं. माझ्या घरी लेकाचा विंडोजचा संगणक. हप्त्यांची यादी दोन्हीकडे आपोआप सारखी राहावी म्हणून लेकाने एक प्रोग्रॅम बसवून दिला. आठ-दहा दिवस छान गेले. मग यादी कधी लगेच यायची, कधी दुसऱ्या दिवशी, कधी नोंदच गायब! मावशींचा हप्ता मी घरी दुपारी 2 वाजता लिहिला होता. खोलीतल्या यादीत मात्र त्यांच्या नावापुढे 'थकबाकी'. बायका कुजबुजल्याच.

मी आधी नेटला नावं ठेवली. वायफायचा डबा चार वेळा बंद-चालू केला. मग एका सकाळी सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. तिथे 11 वाजलेले, आणि संगणकाच्या पडद्यावर दुपारचे साडेचार!

मैत्रिणींनो, संगणक बंद असला तरी आत बॅटरीवर एक घड्याळ चालू असतं. विंडोज त्यात आपली भारतीय वेळ लावून ठेवतं. उबुंटू धरून चालतं की ती जागतिक वेळ आहे, आणि वर स्वतःचे साडेपाच तास मिळवतं. म्हणून आदल्या दिवशी विंडोज वापरलं की दुसऱ्या दिवशी हा घोळ. नेट लागलं की वेळ सुधारते, पण तोवर सेव्ह केलेल्या फायलीवर चुकीचा शिक्का बसलेला असतो. खोलीत 11 वाजता सेव्ह केलेली यादी 'साडेचारची' म्हणून मिरवते आणि माझी 2 ची शिळी ठरते. (आपल्या मुंबईनेही हे केलंय बरं का! 1906 साली भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबई कित्येक वर्षं आपली 39 मिनिटं मागची वेळ धरून बसली होती.)

माझी यादी गेली नव्हतीच. प्रोग्रॅमने तिच्या नावाला 'कॉन्फ्लिक्ट' जोडून ती बाजूला ठेवली होती. मी तो कचरा समजत होते! नशीब, पुसली नाही.

लेकाने एका ओळीची आज्ञा देऊन उबुंटूलाही आतल्या घड्याळात भारतीय वेळच ठेवायला लावलं. पण खरं सांगू? घड्याळ बरोबर असतं तरी दोघींनी एकाच यादीत दोन ठिकाणी लिहिल्यावर एकीचं बाजूला पडणारच होतं. आता घरची यादी वेगळी, खोलीतली वेगळी, महिनाअखेरीला दोन्ही जुळवतो. फायलीच्या नावात विसर्गासारखे दोन ठिपके किंवा प्रश्नचिन्ह घालत नाही, ते विंडोजला चालत नाही. ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी इथल्या शेजारच्या पवईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे केलेत.

पुढच्या सभेत मी सगळ्यांसमोर ती बाजूला पडलेली यादी वाचून दाखवली आणि मावशींची माफी मागितली. त्या पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "असू दे गं. पण एक वहीपण ठेव."

वही घेतलीय, दोनशे पानी.