केसाएवढ्या कांचेंत सात दीप

धूर दिसला कीं पर्वतावर अग्नि आहे असें समजावें, हें अनुमानाचें जुनें उदाहरण मीं वर्गांत अनेक वर्षें सांगितलें. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या बंधूंच्या फुप्फुसांत बारीक गांठ दिसली. तपासणीसाठीं तुकडा काढावयाचा, परंतु नळीचें टोंक तेथवर पोंचलेंच नाहीं. सहा महिने सारें घर चिंतेंत होतें. डोळ्यांस न दिसणाऱ्या जागीं नळी कशी वळली हें कळावें कसें, याचा मीं तेव्हांपासून शोध घेतला. उत्तर पुन्हां अनुमानाचेंच निघालें. येथें धुराची जागा प्रकाशानें घेतली आहे, इतकेंच.

प्रकाशवाहक तंतु अति शुद्ध कांचेचा असतो. मध्यें गाभा, भोंवतीं आवरण. गाभ्याचा वक्रीभवनांक किंचित् अधिक असल्यामुळें आंत शिरलेला प्रकाश बाहेर न पडतां पुढें जातो. नेहमींच्या तंतूची जाडी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. गाभा अवघा ८-९ मायक्रोमीटर. बहुगर्भ तंतूंत एकाच आवरणांत, मध्यें एक व सभोंवार सहा, असे सात गाभे बसवितां येतात.

ओली छडी वांकवून पाहा: बाहेरची बाजू ताणते, आंतली आवळते, मध्य तसाच राहतो. म्हणून एकट्या मधल्या गाभ्यास वळण कळत नाहीं; कडेच्यांस कळतें. गाभ्यांत ठराविक अंतरानें वक्रीभवनांकाचा सूक्ष्म चढउतार करून ठेवितात. त्यास ब्रॅग जाळी म्हणतात. ती एकाच तरंगलांबीचा प्रकाश परत धाडते, आणि ताण पडला कीं ती तरंगलांबी बदलते. मध्यापासून ३५ मायक्रोमीटरवरील गाभा ३५ मिलिमीटर त्रिज्येंत वळला, तर ताण हजारांत एक भाग पडतो, आणि १५५० नॅनोमीटरची तरंगलांबी सुमारें १.२ नॅनोमीटरनें सरकते. उष्णतेनेंहि ती सरकते, पण सातहि गाभ्यांत सारखी. म्हणून परस्परांतील फरक घेतला कीं केवळ वळण उरतें. पीळहि कळावा म्हणून कडेचे गाभे मळसूत्रासारखे फिरविलेले असतात.

खरी कसोटी रचनाकाराची. गाभे फार जवळ आणले तर एकाचा प्रकाश शेजाऱ्यांत झिरपतो; फार दूर नेले तर आवरणाच्या कडेशीं येऊन तो बाहेर निसटतो; आवरण जाड केलें तर तंतु ताठर होतो. म्हणून गाभ्याभोंवतीं कमी वक्रीभवनांकाचें कडें घालतात. शेजारहि राहतो आणि सोवळेंहि! पुढें प्रकाश आंत भरण्याचें काम. सात सुटे तंतु एकत्र बांधून, तापवून ओढतात. निमुळत्या झालेल्या जुडग्याचे गाभे समोरच्या गाभ्यांशीं तंतोतंत जुळावे लागतात. एखाददुसऱ्या मायक्रोमीटरची चूक झाली तरी प्रकाश वायां जातो.

अशा तंतूनें आपला आकार ओळखणाऱ्या, श्वासनलिकेंत घालावयाच्या एका यंत्रास अमेरिकेंत २०१९ सालीं परवानगी मिळाली. त्याची नळी साडेतीन मिलिमीटर जाडीची आहे. बंधूंची गांठ पुढें निरुपद्रवी ठरली, ही ईश्वराची कृपा. परंतु ज्यांची तशी नसेल त्यांस सहा महिने वाट पाहण्यास सवड नसते. हें साधन सामान्य गृहस्थास परवडेल, तेव्हांच या विद्येचें सार्थक झालें असें मी म्हणेन.