विंबल्डनच्या लेकींचे दैव

इ. स. १८८४ मध्ये लंडनजवळच्या विंबल्डन येथे स्त्रियांची एकेरी स्पर्धा प्रथमच भरली, तेव्हा तीत अवघ्या तेरा जणी उतरल्या होत्या. अंतिम सामन्यात गाठ पडली ती दोघी सख्ख्या बहिणींची. एका धर्मोपदेशकाच्या या मुली. धाकट्या मॉड वॉटसनने थोरल्या लिलियनला हरविले आणि वीस गिनी किमतीची चांदीची फुलांची परडी घरी नेली. त्या परडीवर कोणाचा संसार चालावयाचा नव्हता, आणि चालावा अशी अपेक्षाही नव्हती. ज्यांच्या घरी कापलेली हिरवळ होती आणि दुपार मोकळी होती, अशा कुटुंबांतील लेकीबाळींचा तो खेळ होता.

तीन वर्षांनी, १८८७ मध्ये, लॉटी डॉड ही पंधरा वर्षांची मुलगी विजयी झाली. पुढे एकूण पाच वेळा तिने हे अजिंक्यपद मिळविले. मग टेनिसचा कंटाळा आला म्हणून म्हणा, ती हॉकी खेळली, १९०४ मध्ये गोल्फची ब्रिटिश हौशी विजेती झाली आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्येत रौप्यपदक घेऊन आली. हौस हीच जिथे प्रेरणा, तिथे एका खेळाला जन्मभर चिकटून राहण्याचे कारण काय?

परंतु हौशीतही जिद्द असते, हे डोरोथिया लँबर्ट चेंबर्स या बाईंनी दाखविले. याही धर्मोपदेशकाच्याच कन्या. १९०३ ते १९१४ या काळात त्यांनी सात वेळा विंबल्डन जिंकले. महायुद्धानंतर १९१९ मध्ये स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा दोन मुलांची आई असलेल्या चाळिशीच्या बाईंसमोर वीस वर्षांची फ्रेंच मुलगी सुझान लेंग्लेन उभी राहिली. पहिला सेट लेंग्लेनने १०-८ असा घेतला, दुसरा बाईंनी ६-४ असा परतविला. तिसऱ्या सेटमध्ये तर विजय बाईंपासून केवळ एका गुणावर होता, तोही दोनदा! दोन्ही वेळा लेंग्लेन निसटली आणि ९-७ ने जिंकली. ब्रिटिश स्त्रियांचे टेनिसमधील राज्य त्या दुपारी गेले असे आम्हांस वाटते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विंबल्डनची एकेरी जिंकणाऱ्या ब्रिटिश स्त्रिया दोनच : किटी गॉडफ्री आणि डोरोथी राउंड. ही राउंड रविवारच्या धर्मशाळेत मुलांना शिकवी आणि रविवारी रॅकेट हाती धरीत नसे. (तिने पहिल्यांदा जिंकले ते साल १९३४. त्याच साली विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री झाली ती मुंबईची लीला राव, संस्कृतात रचना करणाऱ्या पंडिता क्षमा राव यांची कन्या. हे आपल्या घरात अनेकांना ठाऊक नसते, म्हणून सांगितले.)

राउंडच्या १९३७ च्या दुसऱ्या विजयानंतर चोवीस वर्षे कोणी आले नाही. १९६१ मध्ये अँजेला मॉर्टिमर आणि ख्रिस्टीन ट्रूमन अशा दोघी ब्रिटिश मुलीच अंतिम सामन्यात आल्या. मॉर्टिमरला कानांनी कमी ऐकू येई. तीच जिंकली.

खरा पालट झाला तो १९६८ साली. त्या वर्षी हौशी आणि व्यावसायिक हा भेद मोडून विंबल्डन सर्वांना खुले झाले आणि उघडपणे रोख बक्षीस मिळू लागले. पुरुष विजेत्याला दोन हजार पौंड, स्त्री विजेतीला साडेसातशे! ही तफावत पुसली जाण्यास २००७ साल उजाडावे लागले. पण काही झाले तरी आता टेनिस हे पोटापाण्याचे साधन झाले होते. पुढच्याच वर्षी अ‍ॅन जोन्सने बिली जीन किंगला हरवून विंबल्डन जिंकले. ही मुळातली टेबल टेनिसपटू, जागतिक स्पर्धेत अंतिम फेऱ्या गाठलेली.

आणि मग व्हर्जिनिया वेड. आमच्यासारख्या शिक्षकाला तिचे विशेष कौतुक, कारण तिने ससेक्स विद्यापीठात गणित व पदार्थविज्ञान यांचा अभ्यास केला आणि परीक्षा व स्पर्धा दोन्ही सांभाळल्या. १९६८ ची अमेरिकन स्पर्धा आणि १९७२ ची ऑस्ट्रेलियन स्पर्धा तिने जिंकली, परंतु विंबल्डन हाती लागेना. सोळाव्या प्रयत्नात, १९७७ मध्ये, स्पर्धेच्या शताब्दी वर्षी, राणी एलिझाबेथ स्वतः उपस्थित असता, बत्तिशीला टेकलेल्या वेडने पहिला सेट गमावून बेटी स्टोव्हला हरविले. आदल्या वर्षी स्यू बार्करने फ्रेंच स्पर्धा जिंकली होती. आता ब्रिटनला दिवस बरे आले असे कोणीही म्हणाले असते.

तसे झाले नाही. १९८३ मध्ये जो ड्युरी दोन मोठ्या स्पर्धांच्या उपांत्य फेरीत गेली, एवढेच. नंतर दीर्घ दुष्काळ. १९८८ नंतर ब्रिटिश स्त्रीला महिला संघटनेच्या मालिकेतील एकेरीचे पद मिळाले ते एकदम २०१२ मध्ये, हेदर वॉटसनला. पैशाची उणीव होती असेही नाही. विंबल्डनची शिल्लक ब्रिटिश टेनिस संघटनेकडे जाते, आणि ती थोडीथोडकी नसते. मग अडले कुठे? आमच्या मते हिरवळीच्या प्रेमात. जगातील बहुतेक स्पर्धा माती किंवा कठीण मैदानावर होतात, हिरवळीचा हंगाम काही आठवड्यांचा. वर पाऊस, आणि छप्पर असलेली मैदाने मोजक्यांच्या आवाक्यातली. वर्गणी भरणाऱ्या क्लबांच्या कुंपणात वाढलेला खेळ सामान्य घरांतील मुलींपर्यंत पोहोचला नाही.

विंबल्डनची ‘वाइल्ड कार्डे’ हाही एक वादाचा विषय. पात्रता नसतानाही संयोजक काही घरच्या खेळाडूंना थेट प्रवेश देतात. २०२५ मध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्यासही ६६ हजार पौंड मिळत होते, आणि इतर ठिकाणी, जिथे साऱ्या स्पर्धेचे मिळून बक्षीसच १५ हजार डॉलर असते, तिथे प्रवास व प्रशिक्षक यांचा खर्चही निघत नाही. या आयत्या पैशाने मुली आळसावतात असे टीकाकार म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. क्रमवारीत दोनशेव्या जागी असलेल्या मुलीचे वर्ष त्या एका धनादेशावर निभते.

२०१७ मध्ये सिडनीत जन्मलेली, हंगेरियन आईबापांची जोहाना काँटा विंबल्डनच्या उपांत्य फेरीत गेली. वेडनंतर ३९ वर्षांनी. आणि २०२१ मध्ये एमा रॅडुकानू! जन्म कॅनडात, वडील रुमानियन, आई चिनी. त्याच उन्हाळ्यात गणित व अर्थशास्त्राची परीक्षा उत्तम उत्तीर्ण होऊन ही अठरा वर्षांची मुलगी पात्रता फेरीतून अमेरिकन स्पर्धेत शिरली आणि दहा सामने एकही सेट न गमावता जिंकून पदक नव्हे, थेट अजिंक्यपद घेऊन आली. असे पूर्वी कोणत्याही पात्रता-खेळाडूने केले नव्हते. प्रेक्षकांत वेडबाई बसल्या होत्या. त्यानंतर मात्र प्रशिक्षक बदलत गेले, जाहिराती वाढल्या, २०२३ मध्ये दोन्ही मनगटे व एका घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि क्रमांक तीनशेच्या घरात गेला. लोकांनी तिला ‘एका दिवसाची राणी’ ठरविले. तिने २०२५ मध्ये पुन्हा पहिल्या तिसांत जागा मिळविली.

आमचे लक्ष मात्र सोनाय कार्तालकडे अधिक जाते. ब्रायटनची, तुर्की वडिलांची मुलगी. २०२४ मध्ये क्रमवारीत तीनशेच्या जवळ असताना ती पात्रता फेऱ्या खेळून विंबल्डनमध्ये आली आणि तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. २०२५ मध्ये तिला कोणाच्या कृपेच्या कार्डाची गरज उरली नव्हती. क्रमवारीच्या बळावर ती आत आली आणि चौथ्या फेरीत पोहोचली.