बेल्ट कशाचा, मेडल कशाचे?

नागपूरच्या प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या भागांत संध्याकाळी पांढरा पोशाख घालून क्लासला निघालेली मुले-मुली दिसतात. कुणाच्या कमरेला पिवळा बेल्ट, कुणाच्या हिरवा. कराटे आणि तायक्वांदो आपल्या घरांत रुळले आहेत. मुंबई-पुण्याकडे ब्राझिलियन जिउ-जित्सूचे वर्गही भरतात आणि त्याचे व्हिडिओ आपली मुले मोबाइलवर पाहतातच. मुलाचे नाव घालताना अब्बू-अम्मींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ब्लॅक बेल्ट किती वर्षांत मिळेल?’ आणि दुसरा, ‘मग स्पर्धा जिंकेल ना?’ पहिल्याचे उत्तर मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असे आपण धरून चालतो. या गैरसमजाची किंमत कधी खिशाला, तर कधी मुलाच्या मनाला मोजावी लागते.

आपल्या कुस्तीला बेल्ट ठाऊक नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्या कमरेला कोणताही रंग नव्हता. तालमीत पैलवानाची ओळख एकच, त्याने कुणाला चितपट केले. मोहोळचा सिकंदर शेख जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाडकडून हरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला त्याने शिवराज राक्षेला हरवले आणि महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. वस्ताद पैलवान घडवतात, पण गदा त्याला आखाड्यातच मिळवावी लागते.

बेल्टची रीत आली जपानमधून. ज्युदोचे जनक जिगोरो कानो पेशाने शिक्षक. त्यांनी १८८२ साली कोदोकान ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिली ‘दान’ श्रेणी दिली. शिष्य किती पुढे आला, हे त्याला आणि इतरांना कळावे, हा त्यामागचा विचार. कोदोकानचेच मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचले. त्यांच्याकडून ही विद्या कार्लोस ग्रेसी आणि त्यांच्या घराण्याकडे गेली आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू उभे राहिले.

या खेळात काळ्यापर्यंत मोठ्यांचे बेल्ट पाच : पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार निळ्यावर साधारणपणे किमान दोन वर्षे, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर एक वर्ष काढावे लागते. काळ्यासाठी वय किमान १९ हवे. प्रत्यक्षात बहुतेकांना आठ-दहा वर्षे लागतात. ठरावीक महिन्यांनी परीक्षा आणि परीक्षेची फी, ही पद्धत इथे फारशी नाही. रोजचा सराव पाहून उस्तादच निर्णय घेतात. काळ्या बेल्टवरच्या पुढच्या पायऱ्याही सराव आणि शिकवण्यात घालवलेल्या वर्षांवर मिळतात, त्यातल्या पहिल्या तीन तीन-तीन वर्षांनी. त्यांसाठी पदकांची अट नाही.

आपल्याकडे हाफिज झालेल्या मुलाची दस्तारबंदी होते. हा मुलगा आपल्याजवळ शिकला, त्याने हिफ्ज पूर्ण केले, अशी ती उस्तादांची ग्वाही. तोच मुलगा किरातच्या मुकाबल्यात तिसरा आला, तर दस्तार कुणी उतरवत नाही. बेल्टचेही तसेच. शिकलेल्याची साक्ष बेल्ट देतो, त्या दिवशीच्या जिंकण्याची साक्ष मेडल देते.

मग दोघांचा संबंधच नाही का? आहे, आणि बराच आहे. वय आणि वजन सारखे असेल, तर दहा वर्षे घासलेला खेळाडू दोन वर्षांच्या खेळाडूला बहुधा दाबतोच. म्हणूनच बहुतेक स्पर्धांत वय आणि वजनाबरोबर बेल्टचेही गट करतात. पांढरा पांढऱ्याशी, निळा निळ्याशी. पण यातून एक गोष्ट निघते. पांढऱ्या गटातले सुवर्ण म्हणजे नवशिक्यांत पहिला. काळ्या गटात पहिल्या फेरीत हरलेलाही त्याच्यापेक्षा कितीतरी पुढचा असू शकतो. उलट, पंचेचाळिशीतल्या काळ्या बेल्टच्या सरांना विशीतला जांभळा बेल्टवाला दमवू शकतो. त्यामुळे सरांची विद्या कमी होत नाही.

अपवादही आहेत. हवाईचा बी. जे. पेन १९९७ च्या सुमारास शिकू लागला आणि २००० साली काळ्या बेल्टच्या गटात जगज्जेता झाला. ब्राझीलबाहेरचा तो पहिलाच. पण अशा एकाला पाहून आपल्या मुलाची वर्षे मोजू नयेत.

बेल्ट बाजूला ठेवणाऱ्या स्पर्धाही आहेत. अबू धाबीचे शेख तहनून बिन झायेद यांनी १९९८ साली सुरू केलेली जगप्रसिद्ध ग्रॅपलिंग स्पर्धा फक्त वजनाचे गट करते, कमरेचा रंग विचारत नाही. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत जिउ-जित्सू आले, तेव्हाही गट वजनाचेच होते. अमिरातीच्या फैसल अल केतबीने तिथे ९४ किलो गटात सुवर्ण जिंकले.

बेल्ट आणि मेडल यांची गल्लत झाली की दोन प्रकारची लबाडी शिरते. एक, भराभर रंग बदलून फी घ्यायची. मुलाला वाटते आपण तयार झालो. पहिल्याच स्पर्धेत तो आपटतो, घरी ‘एवढे पैसे भरले’ ऐकतो आणि क्लास कायमचा सुटतो. दुसरी याच्या उलट. तयार झालेल्या मुलाला मुद्दाम खालच्या बेल्टवर ठेवायचे, म्हणजे क्लासच्या भिंतीवर मेडल वाढतात. इथे नुकसान समोरच्या नवशिक्याचेही होते आणि आपल्या मुलाचेही, कारण त्याला तोडीचा जोडीदारच मिळत नाही.

म्हणून मुलगा किंवा मुलगी मेडल घेऊन आली, तर आधी मनापासून शाबासकी द्यावी आणि मग विचारावे : गटात किती जण होते? किती लढती जिंकलीस? लहानांचे गट इतके बारीक पडतात की कधी दोघे-तिघेच असतात. नवा बेल्ट मिळाला, तर विचारावे : मागच्या बेल्टपेक्षा आता काय जास्त येते? मूल ते उत्साहाने करून दाखवत असेल, तर बेल्ट खरा. क्लास निवडताना सरांना दोनच गोष्टी विचाराव्यात. पुढचा बेल्ट कशावर देता? आणि स्पर्धेत हरलेल्या मुलाशी दुसऱ्या दिवशी काय बोलता? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐकावे. आपले मूल तिथे टिकेल की नाही, ते त्यावरून कळते.