पटावरचे नाव

अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही जॉन नॅश यांचा समतोल शिकवतो. १९५९ साली छिन्नमनस्कतेने, म्हणजे स्किझोफ्रेनियाने, त्यांचे अध्यापन सुटले, हे सांगावयाचे राहून जाते. पुढे कित्येक वर्षे ते प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात फळ्यांवर अगम्य आकडे लिहीत हिंडत. कोणी त्यांना हाकलले नाही. १९९४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे ऐन विशीत भास सुरू होतात, मुलाचे शिक्षण सुटते. पाठोपाठ त्याला सांभाळणाऱ्या आईची नोकरीही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्या रकान्यात हे मांडावयाचे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही आला. हजेरीपटाला त्याची वार्ता नाही. गतवर्षी एका विद्यार्थ्याची आई आली. नाव तेवढे काढू नका, एवढेच तिचे मागणे. नियमाप्रमाणे आम्ही ते काढले.